मदत हवी आहे: कूलरच्या घरघरीत ओपन-बॅक हेडफोन घ्यावा की नाही?

वावरातला गेमर

नमस्कार मंडळी,

गाव राळेगाव तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. दिवसभर सेतू केंद्रात उत्पन्नाचे दाखले आणि पीकविम्याचे फॉर्म, रात्री जेवणं आटोपली की पुढचे दोन-तीन तास माझे. त्यात निम्मं व्हॅलोरंट (टीमने खेळायचा बंदुकीचा ऑनलाइन गेम), निम्मी गाणी. सध्याचा गेमिंग हेडसेट बंद कपांचा आहे. त्याच्या गाद्यांचं रेक्झिन घामाने सोलून निघालंय, काळे पापुद्रे गालाला चिकटतात आणि आई विचारते, तोंडाला काय लावलं म्हणून. एप्रिल-मेमध्ये इकडे पारा 44-45 वर जातो, तेव्हा तासाभरात कान शिजतात. म्हणून ओपन-बॅक घ्यायचं डोक्यात आलं.

वाचून जे समजलं ते असं: बंद हेडफोनमध्ये आवाज काढणाऱ्या पडद्यामागची हवा कोंडलेली असते. आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, थोडा घुमतो. ओपन-बॅकला मागे नुसती जाळी, त्यामुळे तो बाहेर निघून जातो आणि गाणं कवटीच्या आत वाजल्यासारखं न वाटता जरा लांबून, मोकळं ऐकू येतं. बदल्यात अगदी खालचा बेस पातळ होतो, आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो.

हा शेवटचा मुद्दाच माझी अडचण आहे. जिथे बघावं तिथे सल्ला एकच, "खोली शांत असेल तर डोळे झाकून ओपन-बॅक घ्या". माझी खोली म्हणजे घराची मागची बाजू, वर टिन, खिडकीत लोखंडी कूलर. होळी झाली की त्याला नवीन गवत लागतं आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत तो बंद होत नाही. पंख्याची घोंघों, पंपाची किरकिर, गवतावरून पाणी ठिबकतं तो आवाज वेगळा. बंद केला तर मीच उकडून निघेन. म्हणजे कान गरम होऊ नयेत म्हणून ओपन-बॅक घ्यायचा, आणि ज्या महिन्यांत कान गरम होतात नेमका त्याच महिन्यांत कूलर डोक्याशी.

गाणी म्हणाल तर वसंतराव देशपांडे (आपले मूर्तिजापूरचे), कुमारजी (कुमार गंधर्व), मैफिलींची जुनी रेकॉर्डिंगं. बाबांमुळे तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनंही. खंजिरीच्या चकत्या चांगल्या हेडफोनवर सुट्या सुट्या वाजतात, वाईटावर नुसता चर्र आवाज येतो. मी तरी कुठलाही हेडफोन आधी खंजिरीवरच तपासतो.

बजेट माइकसकट पंधरा हजार. नजरेत आहेत ते सेनहायझर एचडी 560एस, बायरडायनॅमिक डीटी 990 प्रो (250 ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा), हायफायमॅन एचई400एसई आणि स्वस्तात फिलिप्स एसएचपी9500. नागपूरला सीताबर्डीत फिरून आलो, डेमोला सगळे ब्लूटूथवालेच. म्हणजे न ऐकता मागवायचं. मागवलं आणि आवडलं नाही तर परतीला आमच्या पिनकोडवर कुरिअरवाला येत नाही, हे वेगळं.

आणखी एक. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला हेडफोन लावला की माउस हलवताना किर्रर्र येतं. मागच्या बाजूला बाबांच्या जुन्या अॅम्प्लिफायरची ऑक्स वायर कायमची लावलेली आहे. ती काढून तिथे हेडफोन लावला तर किर्रर्र नसतं. दोन्ही जागी वायरी लावून ठेवल्या की मात्र हेडफोनमध्ये बारीक हूं येतं. 300 ओहमवाल्यांच्या गप्पा वाचून घाबरलोय, वेगळा अॅम्प घ्यावाच लागतो का? आगाऊ धन्यवाद.

झिरो पिंग

आधी गेमचं सांगतो, कारण तिथे बराच गैरसमज आहे. पावलं कुठून आली ते हेडफोन ठरवत नाही, गेम ठरवतो. व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफ आहे (दोन कानांतल्या फरकावरून दिशा दाखवणारी प्रक्रिया), ते चालू कर. त्याच्यावर विंडोजचं सोनिक किंवा हेडसेटचं "7.1", असलं दुसरं कृत्रिम सराउंड चढवू नकोस, एका प्रक्रियेवर दुसरी बसली की दिशा चिखल होते. ओपन-बॅकमुळे मोकळं वाटतं, खेळायला मजा येते, पण त्याने रँक वाढतो असं मी म्हणणार नाही. चांगल्या बंद हेडफोनवरही पावलं नीट कळतात.

ओहमला घाबरू नकोस. नुसते ओहम बघायचे नसतात, संवेदनशीलताही बघायची, म्हणजे तेवढ्याच विजेत किती मोठा वाजतो ते. 560एस 120 ओहमचा आहे, पण 1 व्होल्टला 110 डेसिबल देतो. साध्या यूएसबी डोंगलवर (बाहेरून लावायचं छोटं साउंड कार्ड) भरपूर वाजतो. उलट एचई400एसई फक्त 25 ओहमचा, पण प्लेनर (सपाट, पातळ पडद्याचा), संवेदनशीलता 91 डेसिबल. त्याला जोर जास्त लागतो. शिवाय वजन चारशे ग्रॅमच्या जवळ, 560एस अडीचशेच्याही आत. उन्हाळ्यात मानेवर घाम असताना हा फरक कळतो.

डीटी 990 प्रो मी वापरलाय. वरचा आवाज एवढा टोकदार की तुझी खंजिरी कानात टोचेल. गादी मात्र मखमली, आरामात त्याला तोड नाही.

ब्लूटूथच्या वाटेला जाऊ नकोस. उशीर होतोच, आणि त्याचाच माइक चालू केला की गाणं टेलिफोनसारखं होतं.

डीपी उडाली

राजेहो, हेडफोनचं मंग पाहू. कॅबिनेटले उघड्या पायानं हात लावला का झिणझिण होते का? होत असंल तं घरात अर्थिंग नाही, नाही तं नावापुरती आहे. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक पडते. कोळसा-मीठ टाकलेला असला तरी पाणी टाका लागते. आमच्याकडं एप्रिलपासून कूलरच्या टाकीतलं जुनं पाणी रोज त्याच खड्ड्यात जाते.

ते हूं मात्र ऑक्सच्या वायरीनं येऊन राह्यलं. हेडफोन एकटाच असला तं लूप (अर्थिंगच्या वायरींचा गोल फेरा) बनत नाही. पण अॅम्प्लिफायरचा प्लग वेगळ्या बोर्डात, कॉम्प्युटरचा वेगळ्या, अन् मधात ऑक्स, मंग बनते. दोन्ही एकाच बोर्डात लावून पाहा. नाही गेलं तं ऑक्समध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाका, कारवाल्याच्या दुकानात भेटते. पुढच्या जॅकची किर्रर्र वेगळी, ते कॅबिनेटच्या आतली वायर पकडते. यूएसबी डोंगल बाहेर लावला का ते जाईन.

अन् घरी इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असंल तं लाईन गेल्यावर जे गुणगुणते त्याचा दोष हेडफोनले देऊ नका.

खंजिरी

झिरो पिंगशी गेमबद्दल सहमत, गाण्याबद्दल थोडं वेगळं.

कूलरचा आवाज म्हणजे खालची घोंघों आणि वरची सरसर एकत्र. बंद हेडफोन सरसर बऱ्यापैकी अडवतो, घोंघों फारशी नाही. म्हणजे बंद घेतला तरी तंबोरा कूलरखाली बुडणारच, फक्त कमी बुडेल. ओपन-बॅकमध्ये दोन्ही आत येणार, मग हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. खरा धोका तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास चालतात, 90 ला फक्त 4. तू रोज दोन-तीन तास ऐकणार, तेही कूलरच्या वर आवाज काढून. 90 ला गेलास तर दोन दिवसांत आठवड्याचा कोटा संपला.

म्हणून माझं मत असं, की एका हेडफोनने वर्ष काढायचा हट्ट सोड. उन्हाळ्यासाठी दोन हजारांच्या आतला वायरवाला इन-इअर घे, मूनड्रॉप चू 2 किंवा 7हर्ट्झ सॅलनोट्स झिरो. रबरी टोक कानात नीट बसलं की कूलर बराच मागे जातो, कानावर गादी नाही म्हणून घामही नाही. टोकाचा आकार मात्र बदलून बदलून बघायचा, सैल राहिलं की बेस गायब. उरलेल्या पैशात 560एस सेलमध्ये आला की उचल. मृग लागला की कूलर बंद, ओपन-बॅक चालू.

ओपन-बॅक ही गेमिंगवाल्यांची नवी टूम नाहीच. सेनहायझरचा एचडी 414 आला 1968 साली, गाणं ऐकणाऱ्यांसाठीच. मैफिलीच्या रेकॉर्डिंगात श्रोत्याची दाद बाजूने येते, तंबोरा गवयाच्या मागून येतो, ते ओपन-बॅकवर ऐकल्यावर बंद नको वाटतो. वसंतराव एखादी तान अर्ध्यात सोडून भलतीकडे वळतात ना, तिथला श्वास ऐक, मग सांग.

बेस कमी वाटला तर इक्वलायझर एपीओ हे आवाज कमी-जास्त करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. खाली दोन-तीन डेसिबल चढव, पण त्यातला प्रीअॅम्प (एकूण आवाजाची पातळी) तेवढाच उतरव, नाहीतर आवाज फाटतो.

झिरो पिंग

इन-इअरचं पटलं. पण मृगानंतर त्याच्या डोक्यावर टिन आहे हे विसरलात! जुलै-ऑगस्टमध्ये टिनावर पाऊस सुरू झाला की बायको समोर बसून बोललेलं ऐकू येत नाही, ओपन-बॅकचं काय घेऊन बसलात. खरं ऐकणं पोळ्यानंतरच.

माइकचं राहिलं. टेबलावरचा कंडेन्सर (लांबचाही आवाज पकडणारा माइक) घेऊ नकोस, तुझ्या टीमला फक्त तुझा कूलर ऐकू येईल. तोंडाजवळ येणारा दांडीचा माइक हवा, आणि पुश-टू-टॉक ठेव, म्हणजे बटण दाबलं तरच माइक चालू. व्ही-मोडा बूमप्रो फिलिप्सच्या 9500 ला थेट बसतो, कारण त्याला साधा 3.5 मिमीचा जॅक आहे. 560एसला 2.5 मिमीचा फिरवून अडकवायचा जॅक आहे, तिथे तो बसत नाही. 400एसईला तर दोन्ही कपांना वेगवेगळी वायर.

वावरातला गेमर

सगळ्यांचे मनापासून आभार. डीपी भाऊ, कॅबिनेटला झिणझिण आहेच, चप्पल घालून बसायची सवय लागली म्हणून विसरलो होतो. अॅम्प्लिफायर आणि कॉम्प्युटर एका बोर्डात आणल्यावर हूं जवळजवळ गेलं. बाबांनी लगेच त्यावर भजन लावून खात्री केली, आता शेजारचेही खात्री करून बसलेत. अर्थिंगच्या खड्ड्याला उद्यापासून कूलरचं पाणी.

खंजिरी दादा, तुमचंच ऐकतोय. चू 2 आजच मागवतो. 560एस दिवाळीच्या सेलपर्यंत थांबेल, तोवर कापूसही घरात आलेला असेल. त्यावरून आठवलं, वेचणीच्या दिवसांत खोलीच्या अर्ध्या भागात कापसाची गंजी असते आणि हवेत रुईचे तंतू. ओपन-बॅकच्या जाळीतून ते पडद्यावर जाऊन बसतात का?

खंजिरी

जाळीच्या आत बहुतेक हेडफोनांना बारीक कापड किंवा फोमचा थर असतो, तंतू तिथे अडकतात. पण केस आणि रुई कानाच्या बाजूनेही जाते. ऐकून झालं की खोक्यात ठेव, खुंटीला टांगू नकोस. मखमली गादीवरची रुई चिकटपट्टीने निघते. तोंडाने किंवा ब्लोअरने जाळीवर फुंकर मारू नकोस, घाण आतच ढकलली जाते. कापूस असेपर्यंत हेडफोन पुढच्या खोलीत ठेवता आला तर उत्तम.

वावरातला गेमर

पुढच्या खोलीत आई-बाबा झोपतात आणि ओपन-बॅकचा आवाज बाहेर जातो, म्हणजे तिथे फक्त ठेवायचा, ऐकायचा मागेच. चालेल. परतीसाठी मावसभावाचा यवतमाळचा पत्ता देतो, तिथे कुरिअर येतं. आता 560एसच्या कपाला बाहेरून चिकटणारा दांडीचा माइक कोणी वापरला असेल तर सांगा. चिकटवायचा गोंद 45 अंशात टिकतो का, एवढंच विचारायचं आहे.