सोसायटीत गव्हाची गाडी आलीये, वर्षाचा एकदम घेऊ का? लवकर सांगा प्लीज

मृण्मयी_क
नमस्कार, सोसायटीत एमपीवरून गव्हाची गाडी आलीये. सिहोर शरबती म्हणतोय, ५२ रुपये किलो, कमीत कमी एक क्विंटल घ्यायचा आणि दोन घेतले तर ५० ने देतो. रविवारी संध्याकाळी गाडी निघणार, त्याच्या आत नाव द्यायचंय, आमच्या विंगमधल्या चारपाच जणींनी दिली पण. महिन्याचं किराण्याचं बिल बघून पोटात गोळा येतो हल्ली. घेऊ का नको एवढंच सांगा, आणि घेतला तर पोरकिडे होऊ नयेत म्हणून काय करायचं तेही.

इंद्रायणीकाठ
बिनधास्त घ्या. आमच्या घरी दरवर्षी एप्रिलमध्येच गहू भरतात. दोन दिवस गच्चीवर कडक ऊन द्यायचं, एरंडेलाचा हात फिरवायचा आणि पिंपात कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला घालून झाकण घट्ट. वर्षभर बघायला लागत नाही. एक मात्र, ऊन दिलेला गहू गरम असताना भरू नका, रात्रभर पसरून गार होऊ द्या, नाहीतर आत वाफ धरते आणि मग जाळी होते.

जुनाजाणता
ताई, माणसं किती? राहता कुठे? दोन क्विंटल ठेवणार कुठे? आत्ता कुठला आटा कितीला घेता? हे कळल्याशिवाय कोणी कसं सांगणार.

मृण्मयी_क
काका, आम्ही पाच जण. मी, मिस्टर, सासूसासरे आणि मुलगा सातवीत आहे. आटा पॅकेटचा घेतो. गच्ची सोसायटीने बंद ठेवलीये. पण मेन प्रश्न गाडीवाल्याकडून घेऊ का हा आहे.

सातारी_कंदी
गाडीवाल्यांकडून अजिबात नको. पोत्याच्या तोंडाला टपोरा माल आणि खाली खडे, बारका दाणा, असं आमच्याकडे झालंय, गाडी गेल्यावर फोन उचलत नाहीत. घ्यायचाच तर पोतं तुमच्यासमोर ताडपत्रीवर पूर्ण ओतायला लावा आणि काटा आपल्या ओळखीच्या दुकानातला आणा.

इंद्रायणीकाठ
सगळे तसे नसतात हो. आमचा गाडीवाला ठरलेला आहे, वडिलांपासून तोच येतो. शरबतीची चपाती दुसऱ्या दिवशी डब्यात पण मऊ राहते, ती मजा लोकवनला नाही.

हिशोबनीस
भाव कोणी बघतच नाहीये का? ताई, पॅकेट १० किलोचं कितीला पडतं ते सांगा. आणि गिरणीत दळणाचा काय दर आहे तोही.

मृण्मयी_क
ऑफरमध्ये ४४० ला मिळतं १० किलो. गिरणीवाला ७ रुपये घेतो किलोला. डोंबिवली पूर्वला राहते मी, सांगायचं राहिलं, वन बीएचके आहे, माळा आहे पण त्यावर गाद्या आहेत.

हिशोबनीस
मग गणित सरळ आहे. ५० चा गहू, ७ दळण, म्हणजे ५७. वर निवडताना कचरा जातो, गिरणीत पीठ उडतं, ती घट धरली तर ५८ च्या पुढेच. तुमचं पॅकेट ४४ ला पडतंय. म्हणजे शरबती घेऊन बिल कमी होणार नाही, किलोमागे १४ रुपये वाढेल. चवीसाठी घ्यायचा तर जरूर घ्या, शरबती चांगलाच असतो, पण बचत म्हणून घेऊ नका. दुकानातला सुटा लोकवन ३८ ते ४० ला मिळाला तर दळून ४५ ते ४७, म्हणजे पॅकेटच्या आसपास.

गिरणीचं_पीठ
पॅकेटशी तुलनाच चुकीची आहे!! त्यात मैदा असतो, कोंडा काढलेला असतो, घरी सासूसासरे आहेत, लहान मूल आहे, त्यांच्या पोटात काय जातंय ते बघायला नको का? चार पैसे जास्त गेले तरी गहू समोर बघून दळलेला बरा.

हिशोबनीस
पॅकेटच्या मागे घटक वाचा. नुसतं गहू लिहिलेलं असतं ते घ्यायचं, मैदा घातला तर लिहावं लागतं. सरसकट सगळ्या आट्यात मैदा म्हणणं बरोबर नाही.

गिरणीचं_पीठ
लिहिलेलं सगळं खरं असतं असं तुम्ही मानता ना, मग बोलणंच खुंटलं. मी गेली कित्येक वर्षं घरचंच दळण आणते आणि फरक मला कळतो.

जुनाजाणता
भांडू नका, ताईंचा प्रश्न राहील बाजूला. मुख्य गोष्ट जागेची आहे. पाच माणसांना, डबे धरून, महिन्याला १८-२० किलो गहू लागेल. दोन क्विंटल म्हणजे दहा महिने. त्यात सगळा पावसाळा आला आणि डोंबिवलीची दमट हवा. गच्ची नाही म्हणजे ऊन देता येणार नाही. पूर्वी वर्षाचं भरायचे तेव्हा अंगण होतं, कोठ्या होत्या, घरात निवडायला बायामाणसं होती. वन बीएचकेत आणायचाच तर मेअखेरपर्यंत ५० किलोचा एक कट्टा आणा, ऑगस्टपर्यंत संपेल, पुढचं पुढे. आणि गॅसच्या गोळ्या मिळतात धान्यात टाकायच्या, कोणी दिल्या तरी घेऊ नका. ते ॲल्युमिनियम फॉस्फाइड असतं, त्याचा विषारी वायू होतो, बंद खोलीत माणसं दगावलीत त्याने.

वाडा_कोलम
पारद टिकड्या वापरा, आमच्याकडे त्याच वापरतात.

जुनाजाणता
त्यात पारा असतो. खाण्याच्या धान्यात कशाला घालायचा? निंबाचा पाला, एरंडेल, आणि डबा कोरडा, एवढं पुरतं.

परदेशी_पाखरू
आम्ही न्यू जर्सीत २० पौंडाची आट्याची पिशवी आणतो, सेलमध्ये दोन घेतल्या की महिनाभर निवांत. फ्रीझरमध्ये ठेवते मी पीठ, किडे होत नाहीत. तुम्ही पण ठेवून बघा.

नाशिककर_९
गव्हापेक्षा तेलावर जास्त वाचतं, ते कोणी सांगत नाहीये. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवलेले असतात आणि लोक फक्त किंमत बघून लिटरचा उचलतात. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल १३ किलो ६५० ग्रॅमच. सव्वा किलोच्या वर फरक! पाऊचचं पण तेच, एक लिटरवाल्याच्या शेजारी थोड्या कमी वजनाचा ठेवतात, दिसायला सारखाच. पॅकेटवर एमआरपीच्या जवळ दर ग्रॅमची नाहीतर दर किलोची किंमत बारीक अक्षरात छापलेली असते, ती बघून घेत जा. माझी बायको आता फक्त तीच बघते.

सातारी_कंदी
हे भारी सांगितलंत. मी डब्यावर कधी बघितलंच नव्हतं.

वाडा_कोलम
जीएसटी पण आहेच की. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद लेबलवाल्या धान्याला, डाळीला, आट्याला ५ टक्के लागतो. सुट्ट्याला नाही आणि २५ किलोच्या वरच्या पोत्याला पण नाही. म्हणून बाजारात ३० किलोचे कट्टे दिसतात. दोन घरांनी मिळून तांदळाचा एक घ्यावा. आणि तांदूळ जुनाच मागा, नवा चिकट होतो.

मृण्मयी_क
तेलाचं वाचून लगेच डबा बघून आले, लिटरवालाच आहे. पण गव्हाचं काय करू, उद्याच शनिवार आहे आणि वहिनी विचारायला येऊन गेल्या. मिस्टर म्हणतात क्रेडिट कार्डावरून कॅश काढून देऊ, भिशी जूनमध्ये लागणारे तेव्हा भरून टाकू.

हिशोबनीस
अहो हे आधी सांगायला हवं होतं! कार्डावरून रोख काढली की काढतानाच वेगळी फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून चालू होतं, खरेदीसारखी बिनव्याजी मुदत मिळत नाही. बहुतेक कार्डांना महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढेमागे व्याज आहे. दोन क्विंटलचे १० हजार, जूनपर्यंत दोन महिने धरले तर फी सोडून सहाशेच्या वर जातील. म्हणजे आधीच महाग असलेला गहू अजून तीन रुपये किलोने महाग. कृपा करून नको.

इंद्रायणीकाठ
उसने काढून मी पण घेणार नाही, हे पटलं. पण चव एकदा बघाच ताई. वहिनी घेतायत तर त्यांच्यातला थोडा मागून घ्या.

गिरणीचं_पीठ
आणि आधी किलोभर दळून चपात्या करून बघा, पोत्याच्या मधला गहू घ्या, वरचा नको. गाडीवाला सँपल द्यायला नाही म्हणाला तर तिथेच समजायचं.

जुनाजाणता
सासूबाईंना पण विचारा. दळण, निवडणं, चाळणं हे सगळं शेवटी कोण करणार ते ठरवून घ्या, नाहीतर बाईमाणसाचे दोन तास रोज त्यातच जातात आणि तो वेळ कोणीच हिशोबात धरत नाही.

मृण्मयी_क
सगळ्यांना थँक्यू. आत्ताच वहिनींशी बोलले, त्यांच्या क्विंटलमधला २० किलो मी घेतेय, रोख देऊन, सासूबाई म्हणाल्या तेवढा मी निवडते. बाकी पॅकेटच चालू ठेवते आणि भिशी लागली की दुकानातून लोकवनचा कट्टा बघते. हिशोबनीस दादा, तुमचं गणित मिस्टरांना वाचून दाखवलं, कार्डाचा विषय बंद झाला. वाडा कोलम, तांदळाचा ३० किलोचा कट्टा डोंबिवलीत कुठे मिळेल? स्टेशनजवळ चालेल, फार लांब नको.

वाडा_कोलम
मी वसईला आहे ताई, तिकडचं माहीत नाही. कल्याणच्या मार्केटमध्ये भुसार दुकानं आहेत, शनिवारी सकाळी जा.

चैत्रपालवी
मी पण डोंबिवलीचीच. ब्याडगी मिरची कोणी किती घेतंय यावर्षी? पाच माणसांच्या मसाल्याला किती लागेल?

नाशिककर_९
मिरचीला वेगळा धागा काढा, इथे हरवेल.