गोळ्यांची पिशवी
‘फॅमिली डॉक्टर म्हणजे पीजीची सीट न मिळालेला एमबीबीएस’ हे मत मला अजिबात पटत नाही. फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी (पदव्युत्तर शिक्षण) करता येतं, एमबीबीएसनंतर पूर्ण 3 वर्षांचं. ब्रिटनमध्ये तर या डॉक्टरांचं स्वतंत्र कॉलेज 1952 पासून आहे.

डीएनबी करताना आम्ही चौघं दर बुधवारी ओपीडी संपली की केसेस घेऊन बसायचो. एकदा मी पाय सुजलेल्या आजींची केस मांडली. हृदय, किडनी, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मैत्रीण म्हणाली, "गोळ्यांची पिशवी ओतून बघितलीस का?" दुसऱ्या दिवशी बघितली. बीपीची ॲम्लोडिपिन दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी दिलेली, आणि आजी रोज दोन्ही घेत होत्या! या गोळीने पाय सुजू शकतात. एक बंद केली, सूज उतरली. आमच्या प्रशिक्षणाची नोंद ठेवायच्या लॉगबुकात या बुधवारच्या बैठकांना रकानाच नव्हता, हे मला अजून खटकतं.