फाइलींची नावं बदलायला नवशिक्यांना आधी कमांड शिकवावी का?

राजेंद्रनगरकर : काल भाचीला घेऊन बसलो होतो. इंदूरच्या आमच्या मंडळाचे गणपतीचे ३१२ फोटो, सगळ्यांच्या शेपटीला जेपीईजी. छापखान्याला हवं जेपीजी. फोटो तोच, नुसती शेपटी वेगळी. पोर एकेकावर नाव बदलायचं एफ-टू बटण दाबत बसली होती, विसाव्याला रडकुंडीला आली. मी विंडोजचं कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून दिलं, फोटोंच्या फोल्डरमध्ये नेलं आणि एकच ओळ टाइप करायला लावली : रेन, स्पेस, स्टार डॉट जेपीईजी, स्पेस, स्टार डॉट जेपीजी. रेन म्हणजे नाव बदल, स्टार म्हणजे कुठलंही नाव. एंटर मारलं आणि काम झालं! तिचा चेहरा बघायला हवा होता. माझं स्पष्ट मत आहे, हे पहिल्याच आठवड्यात शिकवा.

जुनी इंदूरकरीण : अजिबात पटलं नाही, दादा. आईने सांगितलेल्या पाककृती मी लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी असते त्या दुसऱ्या प्रणालीवर, टाइप करून ठेवल्या होत्या. ‘अनारसे-नवे’ या फाइलचं नाव ‘अनारसे’ करायला एमव्ही ही तिथली नाव बदलायची कमांड वापरली. ‘अनारसे’ नावाची जुनी फाइल तिथे आधीच होती, ती पुसली गेली. विचारलं नाही, कचरापेटीतही गेली नाही. गूळ-तांदळाचं आईचं प्रमाण त्यातच होतं आणि आता विचारायला आई नाही. माउसने केलं असतं तर संगणकाने अडवलं असतं.

लॅबवाला : ताई, वाईट वाटलं. पण एमव्हीपुढे डॅश आय लावलं की तेही आधी विचारतं. मी मुलांना एमव्ही एकटं कधीच शिकवत नाही. आणि दादा, तुमची स्टारवाली ओळ रेनच्या जागी एमव्ही घालून लिनक्सवर चालत नाही, बरं का. तिथे एमव्हीच्या हाती पडण्याआधीच शेल, म्हणजे आपली ओळ वाचणारा प्रोग्राम, स्टारच्या जागी खरी नावं भरतं. फोल्डरमध्ये एक जेपीईजी आणि एकच जेपीजी असेल, तर पहिली दुसरीच्या उरावर बसते. म्हणून आधी ओळीपुढे एको लावून बघायचं, काय होणार ते नुसतं छापून येतं.

राजेंद्रनगरकर : हे ठाऊक नव्हतं. पण विंडोजचं रेन असं पुसत नाही, त्या नावाची फाइल असली तर नकार देतं. म्हणून तर सुरुवात तिथून.

जुनी इंदूरकरीण : डॅश आय लक्षात ठेवायचं ओझं नवशिक्यावर का? भाचीकडून आधी फोल्डरची कॉपी करून घेतली होती का, तेवढं सांगा.

राजेंद्रनगरकर : नव्हती. आज करायला लावतो. पण रेन शिकवणारच.