अनुभव धागा: शुक्रवारी रात्री विमान, सोमवारी सकाळी ऑफिस

चाफेकळी
सकाळी बातम्यांत दाखवलं, पाऊस ओसरला, ऋषिकेशला राफ्टिंग पुन्हा सुरू झालं. पोळी तव्यावर तशीच राहिली आणि मी नणंदेला फोन लावला. तिनेही तेवढ्यातच पाहिलं होतं!

लग्नानंतर बरीच वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी जपूनच बोलायचो. भांडण कधीच नव्हतं, पण सलगीही नव्हती. मग एकदा तिच्या मैत्रिणीचं यायचं रद्द झालं आणि सासूबाई मला म्हणाल्या, "तू जा हिच्याबरोबर, मुलांना मी बघते." मुंबईहून डेहराडूनचं विमान. जॉली ग्रँट विमानतळ ऋषिकेशपासून वीसेक किलोमीटरवर, तिथेच भेटलेल्या दोन मुलींबरोबर टॅक्सी वाटून घेतली. राहायला डॉर्मिटरीत पलंग. दुसऱ्या दिवशी शिवपुरी ते ऋषिकेश, १६ किलोमीटर पाण्यातून. आधीच्या छोट्या लाटांना आम्ही दोघी अगदी सभ्यपणे वल्ही मारत होतो. 'रोलर कोस्टर' नावाचा रॅपिड, म्हणजे नदीचा खवळलेला टप्पा, आला, राफ्ट समोरून उभीच राहिली, नणंद माझ्या अंगावर, बर्फासारखं पाणी दोघींच्या तोंडावर. तोवर "वहिनी, तुम्ही" म्हणणारी ती किंचाळली, "ए, पकड ना मला!" त्यानंतर अहो-जाहो गेलं ते गेलंच. पुढे शांत पाण्यात दोरीला धरून तरंगत राहिलो आणि तेव्हा ती जे काही बोलली ते मी इथे लिहिणार नाही.

तर लिहा तुमचेही. दोनतीन तासांच्या आतलं विमान, मोकळ्यावरचं काहीतरी धाडस आणि खिशाला झेपेल असं. माझं ठाम मत आहे की महिनाभर आधी काढलं तर तिकीट फार नडत नाही. उतरल्यावरची टॅक्सी नडते. म्हणून विमानतळापासून ठिकाण किती लांब आहे ते नक्की लिहा.

दगडधोंडे
हम्पी!! हुबळीपर्यंत विमान, पुढे होसपेटला ट्रेन. हुबळी स्टेशनचा फलाट जगातला सगळ्यात लांब, १५०७ मीटर, आणि आमचा डबा नेमका पार त्या टोकाला. पाठीवर सॅक घेऊन पळालो, ट्रेकची सुरुवात तिथेच झाली.

लोक हम्पीला देवळं बघायला जातात. जरूर बघावीत, पण आम्ही जातो दगड चढायला. दोर नाही, काही नाही, खाली जाड गादी टाकायची, ती तिथे भाड्याने मिळते, आणि दोन पुरुष उंचीच्या धोंड्यावर चढायचं. ग्रॅनाइट इतका खरबरीत की संध्याकाळपर्यंत बोटांची सालं निघतात, चिकटपट्टी न्या. चढाई सकाळी दहाच्या आत आणि उन्हं उतरल्यावर. मधल्या वेळात दगड तापतो. तेव्हा सानापूरच्या तळ्यावर गोल टोपलीसारख्या होडीत बसा. नदीपलीकडे विरुपापूर गड्डीवरची गेस्ट हाउसं २०२० मध्ये पाडली, त्यामुळे जुनी माहिती वाचून तिथे जाऊ नका. आता आनेगुंदी-सानापूरकडे राहायचं.

मिरगाचा पाऊस
हम्पीला विमान कशाला? पुण्याहून रात्रीची बस आहे की. झोपलं की आलं.

अवनी_आई
@मिरगाचा पाऊस झोपलं की आलं, हे तुमचं झालं हो. मांडीवर चार वर्षांचं पोर आणि कमरेत उसण घेऊन बसने जाऊन बघा एकदा 😄 वाचलेली रात्र म्हणजे पैसेच.

मिरगाचा पाऊस
मान्य ताई. पोर मोठं झालं की बसने या, हुबळीचं चुरमुऱ्यांचं गिरमिट माझ्याकडून.

दगडधोंडे
गिरमिट आणि मिरची भजी! हुबळीत गाडीला वेळ असेल तर हेच. आणि येताना धारवाड पेढा.

सौ. खवय्ये
पेढा कुठल्या दुकानातला ते तरी सांगा. धागा धाडसाचा आहे ते माहीत आहे, पण तरी.

वेंगुर्ल्याचो
मालवणाक इसारलास काय रे सगळे? चिपीचं विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं. विमानांच्या वेळा बदलत राहतात, त्या बघूनच बेत करा, पण उतरल्यावर पाऊणेक तासात तुम्ही मालवणात.

पोहता येत नसलं तरी स्कुबा करता येतं, आमची आत्ते वयाच्या पन्नाशीत उतरली. आधी उथळ पाण्यात सराव घेतात: तोंडानेच श्वास, कान दुखायला लागले की नाक चिमटीत धरून हलकासा जोर, कान मोकळे. दुखत असताना दामटून खाली जायचं नाही, हात करून सांगायचं. खाली किल्ल्याच्या बाजूला प्रवाळ, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. आत्ते वर आली आणि अर्धा तास एक शब्द बोलली नाही. आमच्या घरात ही मोठी घटना आहे.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, कारण धागा विमानाचा आहे. स्कुबा करून लगेच विमानात बसायचं नाही. अंगात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे करतो, सांधे धरतात, त्याहून वाईटही होऊ शकतं. एकदाच पाण्यात उतरलात तर किमान १२ तास, जास्त वेळा उतरलात तर १८, आणि शक्य असेल तर पूर्ण दिवस मध्ये ठेवा. म्हणून शनिवारी सकाळी पाण्यात, रविवारी किल्ला आणि सोलकढी, संध्याकाळी परत. जून ते ऑगस्ट समुद्र बंद, येऊ नका. म्हणजे जेवायला या.

चाफेकळी
@वेंगुर्ल्याचो हे नायट्रोजनचं मला अजिबात माहीत नव्हतं, फार महत्त्वाचं लिहिलंत. आत्तेंना नमस्कार सांगा.

वाळवंटातली_जाई
दुबईहून. आमच्यासाठी जवळचं विमान म्हणजे मस्कत, तासाभराचं. तिथून गाडी भाड्याने, चौघांत वाटली की परवडते. वादी शाब. आधी छोट्या होडीतून पलीकडे, मग खजुराच्या बागांमधून, दरीतून चालत जायचं आणि शेवटी पोहत. हिरवं निळं पाणी, दोन्ही बाजूंनी उभे कडे. टोकाला कड्यात एक फट आहे, जेमतेम डोकं मावेल एवढी. त्यातून पोहत आत गेलं की गुहा आणि आत धबधबा!

मी सांगलीकडच्या गावची, विहिरीत पोहायला शिकले. आजोबांनी पाठीला डबा बांधून ढकललं होतं. त्या फटीत मान वर धरून जाताना मला आजोबांचा आवाज ऐकू येत होता, "पाय मार, पाय मार." धबधब्याखाली मी खूप रडले. नवऱ्याला वाटलं पाय मुरगळला.

बारव
डबा! आम्हाला भोपळा. वाळका भोपळा पाठीला. आणि ज्याला भीती जास्त त्याला पांगाऱ्याचं लाकूड.

अवनी_आई
मला ट्यूब बांधायचे, ट्रॅक्टरची. विहिरीत कासव होतं, त्याला सगळे बापू म्हणायचे.

बारव
आता ती विहीर बुजवली, वर बंगला आहे. जाऊ दे.

वाळवंटातली_जाई
@बारव 🙏 आमची अजून आहे. गावी आलात तर या पोहायला, खरंच सांगते.

धौलाधार
हिमाचलमधल्या बीड बिलिंगचा बेत असेल तर शनिवार-रविवारात बसवू नका. मी कळकळीने सांगतोय. बिलिंगच्या टेकडीवरून, २४०० मीटरच्या आसपास, पॅराग्लायडर उडतं आणि खाली बीडच्या शेतात उतरतं, तिथे २०१५ मध्ये विश्वचषक झाला होता. पण कांगड्याला छोटं विमानतळ, ढग आले की विमान रद्द. आमचं रद्द झालं, मग दिल्लीहून रात्रभर बस, पोचलो तर वारा चुकीचा. पायलट म्हणाला आज नाही. आम्ही चहा पिऊन परत. बायको अजूनही आकाशात घार दिसली की माझ्याकडे बघते.

पायलटचं बरोबर होतं हेही लिहितो. वारा बरोबर नसेल तर नाही म्हणणारा माणूसच खरा. पैसे भरलेत म्हणून उडवा असा हट्ट कुणीही करू नये.

दगडधोंडे
अरेरे. सोमवार-मंगळवार रजा टाकून पुन्हा जा दादा. ऑक्टोबर-नोव्हेंबर पकडा.

सौ. खवय्ये
वहिनींना घेऊन नक्की जा हो.

पायवाट
घाईत लिहिते, कुकर लावलाय. मंगळूरपर्यंत विमान, तिथून कुद्रेमुख. शिखर १८९४ मीटर, जाऊन-येऊन वीस किलोमीटरच्या आसपास, पण सह्याद्रीच्या कातळाची सवय असलेल्यांना ते गवताचे डोंगर वेगळेच वाटतात, लाटा लाटा नुसत्या. वनखात्याची परवानगी ऑनलाइन, रोज ठरावीकच माणसं सोडतात. आधी परवानगी मिळवा, मगच विमानाचं तिकीट. उलटं करू नका. पावसात जळवा. मीठ न्या.

सामानाचं पण लिहून ठेवते: गॅसची नळकांडी विमानात कुठेच चालत नाहीत, ना हातात ना पोटात. चालायच्या काठ्या आणि चाकू चेक-इनच्या बॅगेत, पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत. तिसरी शिट्टी. आले.

मनीमाऊ
सगळं छान आहे पण तुम्ही लोक मांजर कुठे ठेवता? आमची दोन दिवस एकटी राहिली की आठवडाभर बोलत नाही.

अवनी_आई
शेजारच्या काकूंकडे. येताना त्यांच्यासाठी धारवाड पेढा, मग काकू स्वतःच विचारतात पुढच्या वेळी कुठे जाताय.

मनीमाऊ
काकूंचा पत्ता द्या 😀

चाफेकळी
नणंद सगळे प्रतिसाद वाचतेय, ती म्हणते या वेळी दांडेली. कुणी काळी नदीवर राफ्टिंग केलंय का? नोव्हेंबरात पाणी असतं?

दगडधोंडे
केलंय. गणेशगुडीला होतं. तिथलं पाणी पावसापेक्षा वरच्या सुपा धरणातून किती सोडतात त्यावर असतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचाराच. हुबळीहून दोनेक तास, बस आहे. गंगेपेक्षा पाणी कोमट, पण दोन्ही काठांना दाट जंगल. धनेश दिसले तर फोटो टाका इथे.

चाफेकळी
टाकते. तिकिटं आज रात्री बघतो दोघी.