मैदान हवंच, पण त्या आजींचंही ऐकून घ्या

शाळेच्या नियोजित नव्या मैदानावरून पालक आणि शेजारी यांच्यात वाद चाललाय, त्यावरचे इथले प्रतिसाद वाचले. 'विरोध करणाऱ्यांना मुलांचं भलं बघवत नाही' आणि 'पालकांना नुसतं मिरवायचंय', ही दोन्ही वाक्यं मनाला लागली. परवाच्या बैठकीत कुंपणालगत राहणाऱ्या एक आजी बोलायला उठल्या. चार मुद्दे कागदावर लिहून आणले होते. दुसऱ्याच वाक्याला मागून कुणीतरी 'बसा आता' म्हणालं. त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि खाली बसल्या. मुद्दे काय होते, कुणाला कळलंच नाही.

मी स्वतः मैदानाच्या बाजूने आहे, अगदी मनापासून. पण शंका रास्त आहेत. ४०० मीटरचा ट्रॅक आणि आत १०५ बाय ६८ मीटरचं फुटबॉलचं मैदान म्हटलं की शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत किती जागा उरते? दिव्यांचे झोत कुठे वळवणार, रात्री किती वाजता बंद करणार? कृत्रिम गवत उन्हात साध्या गवतापेक्षा बरंच जास्त तापतं, मग दुपारच्या सरावाचं काय? पावसाचं पाणी कुणाच्या अंगणात उतरणार? हे सगळं आराखडा समोर ठेवून विचारता येतं. कुणाची नियत काढायची गरजच पडत नाही.

पुढच्या बैठकीआधी मी आजींकडे जाऊन तो कागद मागणार आहे. त्यांची हरकत नसेल तर समितीपुढे मीच वाचून दाखवेन.