टी४ आणि उपचार

प्रश्न असा आहे की डोळ्याला अकँथअमीबा या एकपेशीय जीवाचा संसर्ग झाल्यावर जनुकीय अहवालात 'टी४' हा प्रकार आला म्हणजे अमीबा जास्त घातक का. तसं थेट म्हणता येत नाही. अकँथअमीबाचे हे प्रकार १८एस आरआरएनए (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा एक भाग) या जनुकाच्या क्रमावरून पाडले आहेत आणि आता ते २० च्या वर गेलेत. कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) संसर्गात टी४ सर्वाधिक सापडतो, हे खरं. पण माती, नळाचं पाणी, धूळ यांतही तोच सर्वाधिक असतो, त्यामुळे डोळ्याशी त्याची गाठ पडण्याची शक्यताच मोठी. टी३, टी५, टी११ हेही रुग्णांत आढळलेत. शिवाय टी४ च्या आतही बरेच उपप्रकार आहेत, सगळे सारखे वागत नाहीत.

उपचार मात्र प्रकार बघून ठरत नाहीत. पीएचएमबी किंवा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकांचे थेंब घालावे लागतात, तेही कित्येक महिने, कारण अमीबा कठीण कवचाच्या सुप्त रूपात (सिस्ट) दडून राहतो. म्हणून जनुकीय अहवालासाठी कृपा करून थांबू नका. आपल्याकडे कॉन्टॅक्ट लेन्स न वापरणाऱ्यांनाही, शेतात डोळ्याला इजा झाल्यावर किंवा चिखलाचं पाणी गेल्यावर, हा आजार होतो. सुरुवातीला तो हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूचा संसर्ग वाटू शकतो. त्यावर दिलेल्या थेंबांनी फरक पडत नसेल तर कॉर्निया खरवडून अमीबाची तपासणी करायला डॉक्टरांना स्वतःहून सांगा.