लग्नपत्रिकेतलं काय तुम्हाला उशिरा उमगलं?

आईच्या ट्रंकेत तिच्या लग्नाची पत्रिका सापडली. वैशाख, शके 1896. पाडव्यानंतरच्या तिथीला शकात 78 मिळवायचे, म्हणजे 1974. कोपऱ्यांवर हळदीकुंकू अजून आहे. 'शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे' हे वाचून लेक चक्रावली. सोयरीक, दोन घरांचं नातं, एवढाच तेव्हा त्याचा अर्थ. तुमच्याकडच्या पत्रिकेतला असा एखादा शब्द, छापलेलं किंवा गाळलेलं नाव असेल तर सांगा.

खिळेजुळणी, जळगाव
आमचा छापखाना होता. खानदेशातल्या पत्रिकेत मजकूर चार ओळींचा, बाकी सगळी भाऊबंदांची नावं. एकही नाव सुटलं तर माणूस लग्नाला येत नसे, म्हणून वडील प्रूफ घरातल्या म्हाताऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. 'चि. सौ. कां.' मधला 'कां'वरचा अनुस्वार गेला तर छपाई थांबवायचे. सौभाग्यकांक्षिणी म्हणजे सौभाग्याची इच्छा धरणारी; नुसतं 'सौ.' लग्नानंतरच.

ओटी
बाबा गेल्यावर माझं लग्न झालं. पत्रिकेत 'कै.' लावून बाबांचं नाव, निमंत्रक काका. आईचं नाव कुठेच नव्हतं आणि ते मला छापून आल्यावर दिसलं. तिनं त्या 300 पत्रिकांवर पत्ते घातले, एक शब्द बोलली नाही. ते अजून सलतं. धाकटीच्या वेळी आम्ही दोघी हटून बसलो, निमंत्रक आईच. मग 'गं. भा.' की 'श्रीमती' यावर दोन दिवस घरात वाद. शेवटी आई म्हणाली, "मागेपुढे काही लावू नका गं, नाव तेवढं नीट छापा." गठ्ठा आला तेव्हा पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवली आणि दुसरी घेऊन ती एकटीच माहेरी गेली.

निळी_शाई
आमच्या पत्रिकेवर वर बुद्ध आणि बाबासाहेब, 'नमो बुद्धाय, जय भीम'. 'शुभविवाह' नाही, 'मंगल परिणय'. 'चि.'च्या जागी 'आयु.'. ऑफिसातल्या एका ताईंनी विचारलं, मुहूर्त छापायचा राहिला का? नाही ताई, आम्ही मुहूर्त पाहत नाही, घड्याळाची वेळ देतो. त्या वेळेवर आल्या आणि त्रिसरण-पंचशीलाला शेवटपर्यंत उभ्या राहिल्या.

करवंद
लॉकडाऊनमधलं लग्न, निमंत्रण फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर. विवाह नोंदणीला गेलो तर अर्जासोबत पत्रिका हवी. छापलेली नव्हती, प्रतिज्ञापत्र करावं लागलं. दोन-चार तरी छापून ठेवाच.

हुरडा
'गोरज मुहूर्तावर' एवढंच छापलं होतं. नवऱ्याच्या बंगळुरूच्या मित्रांना कळेना किती वाजता यायचं. गुरं घरी परततात, धूळ उडते ती सांजवेळ, असं एकेकाला फोनवर सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की ऊन असतानाच येऊन बसले.

मामाची_भाची
'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' त्याखाली माझं नाव. छापलेलं पहिलंच. शाळेत नेऊन दाखवलं होतं.

खिळेजुळणी, जळगाव
ओटीताई, तुमचं लिहिलेलं वडिलांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आपल्याकडे आईचं एकटीचं नाव घेऊन कुणी आलंच नाही रे. आलं असतं तर त्या ओळीला मोठा टाइप लावला असता.